सरहद्दीच्या दोन बाजूंस ‘वंदे मातरम्’

सन २०२५च्या डिसेंबरात लोकसभेत व राज्यसभेत ‘वंदे मातरम्’ या गीतास दीडशे वर्षे झाल्याच्या निमित्ताने दीर्घ चर्चा झाली. चर्चेत गीताचे गुणगानच होईल अशी कोणाची अपेक्षा असल्यास ती सफल झाली नाही. सन १९३७च्या ऑक्टोबरात काँग्रेसच्या कार्यकारिणीने कलकत्त्यास जो ठराव केला, त्याच्याभोवतीच वाद फिरत राहिला. राष्ट्रीय सभांतून या गीताची पहिली दोनच कडवी म्हणावीत, हा तो ठराव. सरकारपक्षाच्या मते ती मुस्लिम लीगपुढे पत्करलेली शरणागती होती. विरोधी पक्षाच्या मते रवींद्रनाथांच्या सल्ल्याने केलेली ती समंजस तडजोड होती. हे दोन्ही पक्ष एकमेकांशी कितीही भांडोत, एक गोष्ट ते दोघेही गृहीत धरून चालतात. ती ही की, गीताचा अर्थ त्याच्या कडव्यांत असतो. कडवी ठेवली तर तो राहतो, गाळली तर जातो. हे गृहीतच एकदा तपासून पाहावे असे मला वाटते.

त्याकरिता कलकत्ता व दिल्ली सोडून आपणांस मराठवाड्याच्या एका टोकास यावे लागेल. जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यात हसनाबाद म्हणून गाव आहे. जालना जिल्हा १ मे १९८१ रोजी निर्माण झाला. त्यापूर्वी हा मुलूख औरंगाबाद जिल्ह्यात मोडत असे, आणि सप्टेंबर १९४८पर्यंत तो निजामाच्या राज्यात होता. भोकरदन तालुक्याची हद्द बुलढाणा जिल्ह्यास भिडते. सोयरीक, बाजार, बोली, सणवार यांच्या दृष्टीने या हद्दीस काडीचाही अर्थ नव्हता. अंतर होते ते केवळ राज्याचे. अलीकडे मोगलाई, पलीकडे वऱ्हाड. त्यातही मौज अशी की, वऱ्हाड १८५३च्या तहाने इंग्रजांच्या हाती गेले आणि १९०२च्या कायम पट्ट्यानंतर मध्यप्रांतास जोडले गेले, तरी त्यावरील नाममात्र सार्वभौमत्व निजामाचेच राहिले. १९३६च्या करारात ते पुन्हा मान्य झाले आणि निजामाच्या युवराजास ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताब मिळाला. एकाच हुजुरांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या दोन मुलखांत सन १९३८ साली एकच गीत दोन अर्थांनी वावरत होते. एका बाजूस ते म्हटल्याबद्दल मुलांना कॉलेजातून काढून टाकीत होते. दुसऱ्या बाजूस ते म्हणावे लागते म्हणून मुलांचे पालक गाऱ्हाणे करीत होते.

गीताचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात सांगितला पाहिजे. बंकिमचंद्रांनी ते सन १८७५च्या सुमारास रचिले आणि पुढे १८८२ साली पुस्तकरूपाने निघालेल्या ‘आनंदमठ’ कादंबरीत गोविले. कादंबरीची पार्श्वभूमी १७७०च्या बंगालमधील दुष्काळाची व संन्याशांच्या बंडाची. तिच्यातील संतानांचा रोख नवाबाच्या राज्यावर आहे, आणि मुसलमानांविषयी तीत जे उद्गार येतात ते कोणाही मुसलमान वाचकास बोचावेत असेच आहेत, हे कबूल केल्यावाचून गत्यंतर नाही. परंतु हीच कादंबरी संपते ती इंग्रजी राज्य तूर्त देशाच्या हिताचेच आहे या उपदेशाने! ग्रंथकार सरकारी नोकरीतील डेप्युटी मॅजिस्ट्रेट होते, ही गोष्टही विसरता येत नाही. तेव्हा गीताचा अर्थ त्याच्या मूळ ग्रंथावरून ठरवावयाचा असा हट्ट धरला, तर ज्या दोन शब्दांनी इंग्रज सरकारची झोप उडविली त्यांचा अर्थ राजनिष्ठा असा करावा लागेल. असे करण्यास आजवर कोणी धजलेले नाही.

सन १८९६च्या कलकत्ता काँग्रेसमध्ये रवींद्रनाथांनी हे गीत गाइले. पण त्याची घोषणा झाली ती १९०५च्या वंगभंगामुळे. पुढल्या वर्षी एप्रिलमध्ये बारिसाल येथे प्रांतिक परिषद भरली असता ही घोषणा केल्याबद्दल पोलिसांनी लाठ्या चालविल्या. त्या परिषदेचे अध्यक्ष होते बॅरिस्टर अब्दुल रसूल. ज्या गीतास पुढे हिंदूंचे गीत म्हणून नाकारण्यात आले, त्याच्यासाठी डोकी फुटली ती एका मुसलमान अध्यक्षाच्या परिषदेत, ही हकीकत दोन्ही बाजूंच्या वक्त्यांना सारखीच अडचणीची आहे, म्हणूनच की काय, ती क्वचित सांगितली जाते.

आणखी एक बारकावा. गीताच्या तिसऱ्या कडव्यात मातेच्या लेकरांची जी संख्या येते ती सात कोटींची आहे. १८७२च्या खानेसुमारीत त्या वेळच्या बंगाल इलाख्याची वस्ती सुमारे पावणेसात कोटी भरली होती; खुद्द बंगालात तिच्यातील जवळजवळ निम्मे लोक मुसलमान होते. म्हणजे कवीने जाणून असो वा नकळत असो, मातेच्या लेकरांत मुसलमानांस मोजले आहे. सन १९०५च्या काशी काँग्रेसमध्ये सरलादेवी चौधुराणी यांनी गाताना ही संख्या सातावरून तीस कोटींवर नेली, तेव्हा बंगालची माता हिंदुस्थानची झाली. १९३७च्या ठरावाने पहिली दोन कडवी ठेवून बाकीची गाळली. दुर्गेचे नाव घेणारे कडवे गेले खरे, परंतु त्याबरोबर मुसलमानांस मोजणारे कडवेही गेले! कात्री चालविणाऱ्यांच्या हे ध्यानात आले होते असे दिसत नाही, आणि ती चालविल्याबद्दल संताप करणाऱ्यांच्याही.

त्या कात्रीमागील हेतू मात्र क्षुद्र नव्हता. १९२३च्या काकीनाडा काँग्रेसमध्ये अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी गायनास हरकत घेतली असता पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी ती न जुमानता गीत पुरे केले, तेव्हापासून तेढ उघड झाली होती. १९३७ साली प्रांतोप्रांती काँग्रेसची मंत्रिमंडळे आली आणि लीगने हा विषय हाती घेतला. जवाहरलालजींनी त्या निमित्ताने ‘आनंदमठ’ इंग्रजी भाषांतरातून वाचली. रवींद्रनाथांनी त्यांस लिहिले त्याचा आशय असा की, गीताच्या प्रारंभीच्या भागातील कोमलता व मातृभूमीच्या सौंदर्याचे वर्णन हे स्वतंत्रपणे उभे राहू शकते. मात्र संपूर्ण गीत त्याच्या ग्रंथसंदर्भासह वाचले असता मुसलमानांचे मन दुखावणे शक्य आहे. हा सल्ला कवीचा होता, आणि काव्य म्हणून तो मला पूर्ण पटतो. पहिली दोन कडवी जवळजवळ शुद्ध संस्कृत आहेत. बंगाली वाक्ये पुढे येतात. त्यामुळे महाराष्ट्रातील बहुतेकांच्या तोंडी गीताचा प्रारंभच असे, आणि ठरावाने लोकांच्या जिभेवरून फारसे काही काढून घेतले असे म्हणता येणार नाही. परंतु गीताचे भांडण काव्याचे नव्हतेच. एका वर्षाच्या आत निजामाच्या राज्यात जे घडले त्याने ते दाखवून दिले.

निजामाचे राज्य विस्ताराने हिंदुस्थानातील मोठ्या संस्थानांपैकी एक. १९३१च्या खानेसुमारीत त्याची वस्ती १ कोटी ४४ लाख होती. प्रजेतील बहुसंख्य लोक हिंदू, भाषा तेलुगू, मराठी व कानडी. दरबाराची व कचेरीची भाषा उर्दू. सभा भरवावयाची तर ‘गश्ती निशाण ५३’ या हुकुमान्वये परवानगी काढावी लागे, आणि ती सहसा मिळत नसे. महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन १९३७ साली परतूर येथे झाले. ते गावही आज जालना जिल्ह्यातच आहे. पुढल्या वर्षी स्टेट काँग्रेस स्थापन होऊ घातली, तिजवर स्थापनेपूर्वीच सप्टेंबर १९३८मध्ये बंदी आली. २४ ऑक्टोबरपासून सत्याग्रह सुरू झाला. त्याच सुमारास आर्य समाज व हिंदु महासभा यांनीही आपापल्या मागण्यांसाठी लढा पुकारला होता.

शिक्षणाची गोष्ट जरा विस्ताराने सांगण्याजोगी आहे. उस्मानिया विद्यापीठ हे एतद्देशीय भाषेतून उच्च शिक्षण देणारे हिंदुस्थानातील पहिले आधुनिक विद्यापीठ. गणित, रसायन, कायदा, वैद्यक हे सारे विषय तेथे उर्दूतून शिकवीत, आणि त्यासाठी भाषांतराचे एक मोठे खाते चालविले होते. आम्ही इंग्रजीतून शिकलेल्या व इंग्रजीतूनच शिकविणाऱ्या लोकांनी या उद्योगापुढे मान लववावी असाच तो होता. परंतु राज्यातील फार थोड्या लोकांची भाषा साऱ्या राज्याची विद्याभाषा झाली, हा त्याचा दुसरा भाग. भोकरदनसारख्या तालुक्यातील मराठी मुलगा प्राथमिक चार यत्ता मराठीत शिके आणि वरच्या शाळेत गेला की गणिताची रीतही उर्दूतून पाठ करी. औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजात तो पोचे तेव्हा त्याची उर्दू उत्तम झालेली असे. तिच्याविषयी त्याच्या मनात द्वेषही नसे. त्या पिढीतील पुष्कळ मराठवाडी गृहस्थांस गालिबाचे शेर शेवटपर्यंत मुखोद्गत असत. त्याची तक्रार भाषेशी नव्हती. आपल्यास आपले म्हणून काही उघडपणे करता येत नाही, ही त्याची तक्रार होती.

अशा मुलांनी १९३८च्या नोव्हेंबरात औरंगाबाद कॉलेजच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी ‘वंदे मातरम्’ म्हणण्यास सुरुवात केली. अधिकाऱ्यांनी मनाई केली. मुलांनी संप केला. तो हैदराबादेस उस्मानिया विद्यापीठाच्या वसतिगृहांत व तेथून गुलबर्गा, वरंगळ येथील कॉलेजांत पोचला. गोविंदभाई श्रॉफ यांच्यासारखे औरंगाबादेतील तरुण शिक्षक मुलांच्या पाठीशी होते. माफी मागा, नाहीतर नावे कमी होतील, असे विद्यापीठाने बजाविले. शेकडो मुलांनी माफी मागण्याचे नाकारले व त्यांची नावे कमी झाली.

या वादात ज्याने त्याने गीताचा जो अर्थ लाविला तो मोठा उद्बोधक आहे. प्रार्थनागृहात धार्मिक प्रार्थना करण्यास आडकाठी नाही. परंतु हे गीत धार्मिक नसून राजकीय व वादग्रस्त आहे, म्हणून ते चालणार नाही, असे अधिकाऱ्यांचे म्हणणे. ही आमची प्रार्थनाच आहे, असे मुलांचे म्हणणे. आता हे ब्रिटिश हिंदुस्थानातील वादाच्या शेजारी ठेवून पाहावे. तेथे लीग म्हणत होती की हे गीत धार्मिक आहे, मूर्तिपूजेचे आहे, म्हणून राष्ट्रीय होऊ शकत नाही. आणि काँग्रेस म्हणत होती की ते धार्मिक नसून राष्ट्रीय आहे. सरहद्द ओलांडताच दोन्ही पक्षांनी आपापल्या बाजू अदलाबदल केल्या! शब्द तेच, कडवी तीच. मुसलमान राज्यकर्त्यांच्या विद्यापीठाने त्यास राजकीय ठरविले, कारण प्रार्थना म्हटले तर ती बंद करणे अवघड. राष्ट्रीय वृत्तीच्या मुलांनी त्यास प्रार्थना ठरविले, कारण राजकारण म्हटले तर ते करण्यास मुभाच नाही.

मुले खोटे बोलत होती काय? मला तसे वाटत नाही. पण ती सर्व खरे सांगत होती असेही नाही. सभेस बंदी, पक्षास बंदी, वृत्तपत्रावर नजर, अशा राज्यात मनुष्यास जमावाने तोंड उघडण्याची जागा एकच उरते, ती म्हणजे देवापुढची. त्या जागेचा त्यांनी उपयोग केला. त्याचप्रमाणे विद्यापीठाचे म्हणणेही अक्षरशः बरोबर होते. गीत राजकीय झालेच होते. परंतु त्यास राजकीय केले कोणी? मनाई होण्याच्या आदल्या दिवसापर्यंत ते वसतिगृहातील काही मुलांचे गाणे होते. मनाईनंतर ते साऱ्या संस्थानातील हिंदू विद्यार्थ्यांचे झाले, आणि ज्यांस संस्कृतचा गंध नव्हता अशांनीही ते पाठ केले. हैदराबादच्या तुरुंगात एका आर्यसमाजी सत्याग्रह्याने फटके खाताना हीच घोषणा चालू ठेविली. त्या रामचंद्ररावांना पुढे जन्मभर ‘वंदेमातरम् रामचंद्रराव’ याच नावाने लोक ओळखीत. त्यांच्या पाठीवर जो अर्थ उमटला तो कोणत्या कडव्यात होता?

येथे एक खंतावणारी गोष्टही नोंदली पाहिजे. या संपात मुसलमान विद्यार्थी नव्हते असेच म्हणावे लागते. निजामाच्या राज्यात अन्याय सोसणारा गरीब मुसलमान विणकर किंवा कूळ होताच. परंतु त्याच्यापर्यंत पोचावयास हे गीत उपयोगी नव्हते. स्टेट काँग्रेसच्या पुढाऱ्यांस ही अडचण जाणवत होती. आपला सत्याग्रह नागरिक हक्कांचा, आर्य समाजाचा धर्मस्वातंत्र्याचा. दोहोंची गल्लत होऊ लागली, तेव्हा गांधीजींच्या सल्ल्याने २४ डिसेंबर १९३८ रोजी स्टेट काँग्रेसने सत्याग्रह तहकूब केला. मुले मात्र तहकूब होऊ शकत नव्हती. त्यांचे वर्ष चालले होते.

त्यांस आसरा मिळाला तो नागपूरला. नागपूर विद्यापीठाने आपली दारे उघडली आणि नावे कमी झालेल्या मुलांस त्याच्या कॉलेजांत प्रवेश मिळाला. हैदराबाद संस्थानातून या चळवळीच्या लाटेत बाहेर पडलेल्यांत पुढे हिंदुस्थानचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हेही एक होते. याच नागपुरात १९०७-०८च्या सुमारास नील सिटी हायस्कुलात ही घोषणा झाली असता केशव बळिराम हेडगेवार या विद्यार्थ्यास शाळा सोडावी लागली होती व पुढील शिक्षणासाठी यवतमाळ गाठावे लागले होते. तीस वर्षांत नागपूर हे या गीतापायी शाळा सोडण्याचे गाव न राहता या गीतापायी शाळा सुटलेल्यांच्या आसऱ्याचे गाव झाले. मराठी वाचकांस हा वृत्तांत अभिमानाचा वाटतो, आणि तो वाटावाही.

परंतु त्याच १९३८च्या नोव्हेंबरात, औरंगाबादेस मुले प्रार्थनागृहात उभी राहिली होती त्याच महिन्यात, मुस्लिम लीगचा पिरपूर अहवाल प्रसिद्ध झाला. काँग्रेस मंत्रिमंडळांच्या प्रांतांत मुसलमानांवर काय काय अन्याय होतात याची ती जंत्री. मध्यप्रांत व वऱ्हाडही तीत आहे. सभासमारंभांत व शाळांतून हे गीत म्हटले जाते आणि आमच्या मुलांस त्यात सामील व्हावे लागते, हे तीतील एक ठळक गाऱ्हाणे. अहवाल एका पक्षाचा होता, त्यात अतिशयोक्ती भरपूर होती, आणि लीगला गाऱ्हाणी मिटण्यापेक्षा ती वाढण्यात अधिक रस होता, हे सर्व मान्य. तथापि ज्यास केवळ आपल्या बाजूचे सत्य नको आहे त्याने त्या मुलाच्या जागी क्षणभर उभे राहून पाहावे. वर्गात चाळीस मुले, त्यांत तो एकटा. गुरुजी सांगतात, उभा राहा व म्हण. औरंगाबादच्या मुलास मनाई झाली तेव्हा त्याच्या मनात जे उसळले, त्याच जातीचे काही या मुलाच्या मनातही उसळले असणार. पहिल्याचे तोंड दाबले गेले, दुसऱ्याचे उघडविले गेले. दोन्हीकडे गीताची पहिली दोन कडवी निरुपद्रवी आहेत हे सांगून कोणाचेही समाधान होण्यासारखे नव्हते.

गांधीजींनी हे ओळखले होते असे दिसते. १ जुलै १९३९च्या ‘हरिजन’मध्ये त्यांनी लिहिले त्याचा भावार्थ असा की, हे गीत हिंदूंचे आहे असे आपल्या मनात कधीही आले नाही, वंगभंगाच्या दिवसांपासून त्याने आपल्यास भारून टाकले, परंतु मिश्र सभेत त्याच्या गायनावरून एकही भांडण उपस्थित होत असल्यास आपण त्याचा आग्रह धरणार नाही. कोणी या मतास दुबळेपणा म्हणतात. मला त्यात गीताविषयीचा आदरच अधिक दिसतो. ज्या गीतासाठी मनुष्य स्वखुशीने फटके खातो, ते दुसऱ्याकडून छडीच्या धाकाने म्हणवून घेतले तर त्याचे मोल वाढते असे कोणास वाटते?

दहा वर्षांनी पारडे फिरले. १३ सप्टेंबर १९४८ रोजी हिंदी फौजा हैदराबादच्या राज्यात शिरल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती दिली. हसनाबाद-भोकरदनसह साऱ्या मराठवाड्यास स्वातंत्र्य मिळाले ते उर्वरित हिंदुस्थानानंतर तेरा महिन्यांनी. रझाकारांच्या जुलमाखाली दबलेल्या लोकांनी त्या दिवशी ही घोषणा कंठ फुटेपर्यंत केली असेल तर त्यांस दोष देणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यानंतरच्या आठवड्यांत जे सूड घेतले गेले त्यांची चौकशी पंडित सुंदरलाल यांच्या मंडळाने केली, आणि सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेली असा अंदाज दिला; उस्मानाबाद (आजचे धाराशिव), नांदेड, बीदर व गुलबर्गा हे जिल्हे त्यात सर्वांत अधिक होरपळले. हा अहवाल अनेक दशके दडवून ठेवला गेला. मराठवाड्याच्या मुक्तीचा इतिहास लिहिताना ही पाने वगळणे मला योग्य वाटत नाही, आणि त्यामुळे १९३८च्या मुलांचे धैर्य तिळमात्र कमी होत नाही. १९३८ साली जे गीत निःशस्त्राचे होते ते १९४८ साली विजयी पक्षाचे झाले. ऐकणाऱ्याच्या कानी ते आता निराळे पडू लागले.

दिल्लीत याच सुमारास राष्ट्रगीत कोणते असावे याचा खल चालू होता, आणि त्यात एक मराठी गवई जिवाच्या आकांताने उतरला होता. मास्तर कृष्णराव फुलंब्रीकर यांचे आडनाव ज्या फुलंब्रीवरून आले ती हसनाबादपासून दूर नाही. तिसाच्या दशकात मुंबईच्या नभोवाणी केंद्रावर त्यांनी हे गीत सुरू केले असता ध्वनिक्षेपण बंद करण्यात आले. तेव्हा हे गीत गाऊ देईपर्यंत नभोवाणीवर पाऊल ठेवणार नाही, असा नेम त्यांनी केला व तो १९४७पर्यंत पाळला. झिंझोटी रागात त्यांनी गीतास चाल दिली. या गीतास वाद्यवृंदावर वाजविण्याजोगी चाल नाही, अशी हरकत निघताच मुंबईच्या पोलीस बँडकडून ते वाजवून घेऊन त्यांनी दिल्लीत घटनासमितीच्या सभासदांपुढे प्रात्यक्षिक केले. चालीचा प्रश्न त्यांनी सोडविला. पण २५ ऑगस्ट १९४८ रोजी जवाहरलालजींनी घटनासमितीत जे निवेदन केले त्यात चालीइतकाच दुसराही मुद्दा होता: हे गीत लढ्याचे आहे, त्या काळच्या व्याकुळतेचे आहे, लढ्याच्या परिपूर्तीचे नव्हे. कृष्णरावांपाशी यास उत्तर नव्हते, कारण तेही तर हेच म्हणत होते. लढ्याचे आहे म्हणून ते मागे ठेवावे, असे एकाचे म्हणणे. लढ्याचे आहे म्हणूनच ते पुढे आणावे, असे दुसऱ्याचे.

२४ जानेवारी १९५० रोजी राजेंद्रप्रसादांनी घटनासमितीत अध्यक्षस्थानावरून एक निवेदन वाचून या प्रकरणाचा निकाल लाविला. मत घेतले गेले नाही, चर्चा झाली नाही. ‘जनगणमन’ हे राष्ट्रगीत ठरले, आणि स्वातंत्र्याच्या लढ्यात ‘वंदे मातरम्’ने ऐतिहासिक कामगिरी बजाविली या कारणास्तव त्यास बरोबरीचा मान मिळाला. काव्यगुणांचा त्यात उल्लेख नाही, देवीचा नाही, ‘आनंदमठा’चा नाही. किती कडवी म्हणावीत, हेही त्या निवेदनात सांगितलेले नाही.